खासगी जागा

फॉर्मवरचा पहिला प्रश्न माझ्यासाठीच असतो :
मुलाखतीसाठी खासगी जागा उपलब्ध आहे का?
विट्यात मागाच्या मागे घर असतं,
घरामागे गोठा,
आणि गोठ्यात जाऊबाई.
मी ‘होय’वर बोट ठेवते. त्याशिवाय टॅब पुढे सरकत नाही.

यंत्रमागाचा मात्र उपकार.
खडखड चालू असली की ओठ हलतात, शब्द बाहेर जात नाहीत.
लाईट गेली की अख्खी गल्ली ऐकते,
मग आम्ही दोघी पंख्याकडे बघत बसतो, लाईट येईपर्यंत.

घर अकरा. वय चौतीस.
नवरा कोइमतूरला गलाईच्या दुकानात, सोनं वितळवतो.
गेल्या चार आठवड्यांत किती वेळा?
तिची नजर कॅलेंडरवर जाते. तिथं दुधाचे आकडे आहेत.
“चार आठवडं? ताई, वर्साचं इचारा.
दिवाळी आन् रेवणसिद्धाची यात्रा.
एका हातावर मोजते, तरी बोटं उरतील.”
तेवढ्यात सासू शेंगांचं सूप घेऊन उंबऱ्यात.
मी आवाज चढवते, “आणि लोहाच्या गोळ्या? न चुकता?”
“न चुकता!” तीही ओरडते.
सूप आत गेल्यावर आम्ही हसलो,
पदर तोंडात कोंबून, शाळेतल्यासारखं.

पुरुषांचे फॉर्म दस्तगीर भरतो.
स्टँडवर चहा पिताना सांगतो :
घरात दहा मिनिटांत सगळं ओक्के.
मग कोपऱ्यापर्यंत सोडायला येतात,
आणि कोपऱ्यावर तास जातो.
आज एकजण म्हणाला, साखर तीनशेच्या वर,
दोन वर्षं झाली, भिंतीकडे तोंड करून झोपतो.
बायकोला वाटतं, मन उडालं.
“तिला सांगितलं का?”
दस्तगीरनं कप खाली ठेवला.
“त्यानं मला सांगितलं, तेच त्याला जड गेलं.”

घर एकोणीस. काकींचं वय त्रेसष्ट, कपाळ मोकळं.
साठच्या पुढे वय टाकलं की फॉर्म आपोआप मिटतो.
“झालं? मला न्हाई इचारायचं?”
म्हटलं, काकी, पुढचे प्रश्न तुमच्यासाठी नाहीत.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
“लिव्ह. व्हय म्हणून लिव्ह.
कोण, ते इचारू नको.”
कुठे लिहू, जागाच नाही, मी म्हणाले.
“मग समासात लिव्ह,” काकी म्हणाल्या,
टॅबला समास नसतो हे त्यांना कोण सांगणार.

घर सव्वीस.
तो मदुराईहून आला, आठ दिवस राहिला, गेला.
नंतर तिला आग, जखम, ताप.
मिरजेला गेली. केसपेपरवर माहेरच्या शेजारणीचं नाव दिलं.
डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या गोळ्या दिल्या,
एकट्यानं बरं होऊन उपयोग नाही, म्हणाल्या.
तिच्या संपल्या.
त्याच्या तांदळाच्या डब्यात आहेत, खाली, प्लास्टिकमध्ये.
“फोनवर कसं सांगू? त्योच म्हणंल, तुला कुठनं लागलं.”
उपचार पूर्ण केले का? होय. नाही. आठवत नाही.
अर्धा उपचार टॅबला माहीत नाही.
मी बराच वेळ बोट हवेत धरून होते.
यात्रा महिन्यावर आलीय, ती म्हणाली.

संध्याकाळच्या एसटीत मी कोरा फॉर्म उघडते.
वय एकेचाळीस. विवाहित. नवरा घरीच असतो.
नवरा घरी असलेल्यांचे आकडे जास्त यायला हवेत,
साहेबांनी ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं.
समाधान, एक ते पाच.
शेजारचे आजोबा स्क्रीनमध्ये डोकावतात,
“परीक्षा हाय का, पोरी?”
हो, म्हणते. तोंडी.
ते खिडकीकडे सरकून मला जरा जागा करून देतात.

आळसंदला गाडी थांबते. अंधारात कोण उतरलं, दिसत नाही.
सव्वीस नंबरचा तांदूळ
किती दिवस पुरतो,
ते मी विचारलंच नाही.