डाग

उदगीर, मोंढ्यामागचं दुकान.
लियाकतच्या टेबलावर
फियाटचा रेडिओ उताणा.
डायल उजळते, काटा पळतो,
घसा बसलाय.

कपॅसिटरनं मीठ धरलंय.
जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर बोटाला चटका देतो:
"म्हंजे जिता हाय."
जुना डाग काढला, नवा दिला,
बायसचा स्क्रू केसभर फिरवला,
फाटका स्पीकर सांधला
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेतल्या बटर पेपरनं.

बॅटरीची तार टेकवली.
थप्प.
मग घरघर, मग कुणीतरी तुरीचे भाव सांगू लागलं
खणखणीत.

गुत्ते ड्रायव्हरचा हात
आपसूक बटणावर. आवाज बारीक केला.
"आत्ता कुठं कंठ फुटला त्याला," लियाकत चिडला.

"डॉक्टरीणबाई मागं झोपल्यात," गुत्ते बोलून गेला,
"हंडरगुळीला बाळंतपण होतं रातभर."

मागं भिंत होती,
फळीवर मुके रेडिओ.