गडग्यावरून

मयेतल्या आमच्या आणि आन्तोनेतच्या परसाआड
चिऱ्यांचा एक गडगा आहे, कमरेएवढा.
चाळीस वर्षं त्यावरून सगळं येत-जात आलंय:
सोलं, मीठ, विरजण,
तिच्या नाताळच्या नेवऱ्या, माझ्या चवथीच्या
(कुणाच्या खुसखुशीत यावरून एकदा अबोलाही),
आणि एका वैशाखात, आमच्या माणसासाठी, अर्धी बाटली हुर्राक,
जी मी तशीच परत केली.
त्याला तेव्हा गोळ्या चालू होत्या
आणि डिचोलीच्या फार्मसीतल्या पोराने पाकिटावर
बाटली काढून फुली मारली होती.

त्या पोराला माझे डोळे ठाऊक.
सकाळच्या गोळीच्या पाकिटावर तो सूर्य काढतो,
रात्रीच्या पाकिटावर चंद्र,
जेवणानंतरच्या गोळीला मासा.
सोमवारी आमच्यात मासळी नसते, मी म्हटलं, मग?
तो हसला नाही.
"वहिनी, डाळीवरही चालते."

परवा आन्तोनेत आली, कानाला रुमाल,
हनुवटी गडग्यावर टेकून.
"त्या लाल-काळ्या कॅप्सुली उरल्यात गो तुझ्याकडे?
अंग नुसतं फणफणलंय."

माझ्या उरत नाहीत. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं
तरी सातव्यापर्यंत घेते, तारखांवर रेघा मारत.
उरल्यात त्या त्याच्या.
बिस्किटांच्या डब्यात, दोन पावसाळे.
सूर्य सहा. चंद्र नऊ.
बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडल्या होत्या त्याने,
आणि मी, रोज पाणी भरून देणारी,
तेव्हा काही बोलले नव्हते.

"आहेत," म्हटलं, "पण देणार नाही."
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी मिठाला नाही म्हटलं.

मिनीबसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली.
हॉस्पिटलात नर्सने विचारलं, रोजचं काय चालू आहे?
आन्तोनेतने पदराच्या गाठीसारखी रुमालाची गाठ सोडली:
सुट्या गोळ्या, सगळ्या पांढऱ्या.
कुठली कशाची, तिलाही सांगता येईना.
नर्स एकेक उलटून बघत राहिली, तांदूळ निवडावेत तशी.

परतताना मी फार्मसीत डबा ठेवला.
"याचे पैसे मिळायचे नाहीत, वहिनी."
"पैसे कोण मागतंय?"
चंद्र तेवढे त्याने जरा वेळ हातात धरले,
त्यानेच काढलेले.

आज गडग्यावर वाटी होती, झाकलेली.
आत सुंगटांचं हुमण.
सोमवार आहे, हे तिला पक्कं ठाऊक आहे.