सात खिसे

पाटनीपुऱ्याच्या वळणावर माझं दुकान, आठ बाय दहा.
गिऱ्हाईक हिंदीत माप सांगतं, मी वहीत मराठीत लिहितो:
छाती, कंबर, बाही, तीरा.
छत्तीस वर्षांत एवढं कळलं की
माणूस कपड्यात लपतो,
टेपखाली नाही.

प्रेषित म्हणवून घेणारे ब्रदर योथाम आले
तेव्हा बाहेर गाडी चालूच होती.
पांढरा सूट हवा, लोकरी, आत रेशमी अस्तर,
आणि खिसे सात.
"सात म्हणजे परिपूर्णता, आशेर अंकल."
मी हसलो. माप घेतलं.
पोट आत ओढून उभे राहिले ते,
जसे सगळेच राहतात.

लोकर. मेंढराची.
तेव्हा डोक्यात काहीच आलं नाही, खरं सांगतो.
मी कॅनव्हास आणायला सीतलामाता बाजारात गेलो.

दोन महिन्यांत सूट परत आला, कंबर सैल करायला.
खिसे झटकले तर आतल्या डाव्या खिशातून,
छातीजवळच्या,
चिठ्ठ्या पडल्या.
एकीचीही घडी मोडलेली नव्हती.

"मुलाचं डायलिसिस."
"नवरा दुबईहून फोन करत नाही."
"बीज म्हणून दोन हजार दिले, उरलेले तीन पहिल्या तारखेला,
राग मानू नये."
आणि निळ्या शाईत, ज्या अक्षरात
आमच्या घरी किराण्याची यादी होते:
"लेकीची कूस उघडू दे. सोबत आईची मोहनमाळ."

रात्री सगुणा डाळ वाढत होती, गळा पदराआड.
महिनाभर मला तो रिकामा गळा दिसला नव्हता,
आणि मी लोकांची मापं घेतो.

मला दाविद मास्तर आठवले, सायकलवाले उपदेशक,
कोपराला मीच लावलेलं ठिगळ.
वारले तेव्हा माझे चाळीस रुपये राहिले होते.
तिसऱ्या दिवशी त्यांची बायको आली,
रुमालात नाणी बांधून.

ब्रदर योथाम दर रविवारी विधवेच्या दोन दमड्या सांगतात.
मास्तर म्हणायचे, दमड्यांवर थांबू नकोस, चार ओळी वर जा.
लांब झगे मिरवणाऱ्यांबद्दल,
विधवांची घरं गिळून लांबलचक प्रार्थना करणाऱ्यांबद्दल
तो आधी बोललाय.
मग त्या बाईकडे बघ.
आणि विचारत जा, आशेर.
प्रश्नांची भीती देवाला नसते,
दुकानदाराला असते.

झगे. मी खाली मशीनकडे बघितलं.

कंबर दीड इंच सोडली, सांगितल्याप्रमाणे.
मग दुहेरी दोऱ्याने सातही खिसे शिवून टाकले,
आतून, बारीक टाक्यांनी,
माझं आयुष्यातलं सगळ्यात नीट काम.
चिठ्ठ्या सगुणापुढे ठेवल्या.
ती रडली नाही. एकेक उघडत गेली,
स्वतःची सोडून.

रविवारी बायपासच्या मॅरेज गार्डनमध्ये
ती मधल्या रांगेतून उठली. माईक नव्हता.
"ही तुम्ही वाचली नाहीत," म्हणाली.
"मला माझ्या आईची माळ द्या.
आणि या बाकीच्यांचंही बोला."

"देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध तोंड उघडतेस, बहन?"
असं म्हणत त्यांनी घाम पुसायला रुमालासाठी हात नेला.
हात कापडावरून घसरला.
दुसऱ्या खिशावरूनही.
पुढच्या रांगेतलं एक पोरगं फिस्सकन हसलं.

माळ मिळाली नाही.
पोलिसात अर्ज दिलाय; ठाणेदार म्हणाला, पावती आहे का.
आमच्याबरोबर अकरा जणं बाहेर पडली.
बाकीचे अजून जातात, त्यातली दोघं माझी गिऱ्हाइकं,
त्यांच्या बाह्या मी नेहमीसारख्याच शिवतो.

आता सोमवारी दुकान बंद झालं की इथेच बसतो,
कातरणं बाजूला सारून.
आधी चिठ्ठी उघडायची, मोठ्याने वाचायची,
मग त्याच्याशी बोलायचं. थाळी फिरत नाही.
डायलिसिसवाल्या मुलाला गुरुवारी
आमच्यातलाच एकजण स्कूटरवर नेतो.

लेकीचं अजून काही नाही.
दुबईचा नंबर लागत नाही.
उद्या पुन्हा लावून बघू.