हातचा

बातुमीच्या बंदरामागे, टायरवाल्याला लागून
आमचं दुकान: पासपोर्ट, व्हिसा,
आणि थडग्यांच्या दगडासाठी चेहरे.
इथे काळ्या दगडावर माणूस कोरतात,
कोटाच्या गुंड्यांसकट.
कोरणारा झाउर फोनवर एकच सांगतो,
"कड स्वच्छ दे, नेस्तान. दगडाला धूसर कळत नाही."

मंगळवारी त्सिआला आली.
नवऱ्याचा एकच धड फोटो,
चाक्वीच्या चहामळ्यातला, अठ्ठ्याऐंशीचा,
आणि त्याच्या डाव्या खांद्यावर एक हात.
हाताचा धनी केव्हाच कापून टाकलेला,
शिवणाच्या कात्रीने, मनगटापाशी.
"हातही काढ," म्हणाली.
कुणाचा, ते मी विचारलं नाही.

त्याच्याभोवती रेघ फिरवली.
मुंग्या चालू लागल्या,
काळी, पांढरी, काळी.
रेघेच्या आत तो, बाहेर परकं सगळं:
कात्रीचा हिशेब एवढाच.

मी निवडते ती हातचं राखून.
फेदर, बारा.
पीस कुठेच दिसत नाही,
रेघ तेवढी आतून विरघळते.
कॉलरपाशी तो पुरता तो,
मग नव्वद टक्के, सत्तर,
रेघेवर बरोब्बर निम्मा,
आणि पलीकडेही उरतोच थोडा,
वीस, सात, दोन,
टेबलक्लॉथवर सांडलेला चहा
नेमका कुठे संपला, सांगता येत नाही तसा.
मुंग्या मात्र निम्म्यावरूनच चालतात.
निम्म्याहून कमी ते त्यांच्या लेखी नाहीच.
एकदा मी काहीतरी फारच पुसट निवडलं होतं,
तर पडद्यावर पाटी आली:
निवड झाली आहे, कड दिसणार नाही.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत
ती पाटी मी बंद केली नव्हती.

उचलून त्याला कोऱ्या करड्यावर ठेवला.
मळ्याची हिरवी झाक बरोबर आली,
कानांमागे, केसांत.
मग उजव्या खांद्याचं कापड घेतलं,
उलटं करून डाव्यावर लावलं, तेही बारानेच.
हात गेला.
ठिगळाच्या काठाला राहिली
चार फिकट नखं.

त्सिआलाने पडद्यावर बोट ठेवलं.
"जाईल," मी म्हटलं, आणि आकडा उतरवला.
आठ. तीन. शून्य.
नखं गेली,
आणि खांदा पुठ्ठ्याचा झाला,
उसना आणल्यासारखा.
तिने चष्मा काढला, पुसला,
पुन्हा घातला नाही.
रस्त्यावर कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.
"मघाचाच आकडा," ती म्हणाली.
"दगडावर दिसेल का ते?"
"झाउर म्हणतो, दगडाला कळत नाही."
तिने सुटे पैसे मोजून दिले, दोन कमी.
मी काही बोलले नाही.

संध्याकाळी झाउरचा फोन:
"खांद्यावर काय आहे हे? धूळ?"
"आहे तेवढं कोर," मी म्हटलं.