न आलेले

चिलोए बेटावर घर बदलायचं तर
सामान बांधत नाहीत.
घरालाच दोर बांधतात, खाली ओंडके सरकवतात
आणि गाव ओढायला येतो.
याला मिंगा म्हणतात. मजुरी नसते,
शेवटी पोटभर जेवण, सफरचंदाची दारू.

बाबाला घर हलवायचं होतं,
कारण रेमिहियोच्या चुलीचा धूर
आमच्या दोरीवरच्या कपड्यांना लागायचा.
एकवीस वर्षं त्याने खिडकीतून
समुद्र सोडून तेवढंच पाहिलं.

त्रेचाळीस माणसं आली, बैलांच्या सात जोड्या.
पहिल्या दोराला, सगळ्यांत पुढे, रेमिहियो,
तळहाताला फडकं गुंडाळून.
चिखलातून घर निघालं, आत एक बशी फुटली नाही.
आई आतच बसून हसत होती,
तिच्या खिडकीतून टेकडी चालत येत होती.

बाबा कुंपणाशी बोटं दुमडत उभा.
एर्नान आला नाही.
काराल भाऊ आले नाहीत,
ज्यांच्या बटाट्यांसाठी मी दोन दिवस वाकलो.
पाद्री आला, पण जेवणाच्या वेळेला.

रात्री खड्ड्यातून शिंपले वाफाळत निघाले,
कुणी अकॉर्डियन काढलं.
बाबा घरात टॉर्च घेऊन
भिंतीला गेलेला तडा शोधत होता.
सापडला. करंगळीएवढा.
त्या दिवसात तेव्हाच काय तो समाधानी दिसला.

टेकडीवर वारा उलटा फिरतो
हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.
ऑगस्टात धूर आला परत.

तडा त्याने कुणाला बुजवू दिला नाही.
राहू दे, म्हणायचा, पुरावा आहे.
कशाचा, ते विचारणं
आईने केव्हाच सोडलं होतं.

तो गेला तेव्हा पेटी उतारावरून न्यायला
एर्नान आला. काराल भाऊ आले, तिघेही.
रेमिहियोचे गुडघे गेलेत,
त्याने महिनाभराचं सरपण पाठवलं, कोरडं खडखडीत.

मी दारात उभी.
रडू येईल म्हणून वाट पाहत होते,
तर ओठ हलताना जाणवले आपलेच.
सान्तियागोहून धाकटा आला नाही.
मावशी आली नाही.
आणि ती, जिच्या लग्नात मी पहाटेपर्यंत भांडी घासली,

तिसरं बोट दुमडलं होतं. मूठ होत आली होती.

उतारावरून कुणीतरी हाक मारली,
पेटीच्या डाव्या कडीला एक हात कमी होता.