निळ्याची वेळ

केरीच्या दूधसंस्थेचं शटर
पहाटे साडेपाचला मी अर्धंच उचलते.
पूर्ण उचललं की मांजरं आत.
वजनकाटा, फॅटचं मशीन, दोरीला बांधलेलं पेन,
आणि कोपऱ्यात कोमट पाण्यात उभ्या
काचेच्या नळ्या.
एकेका नळीत एकेका घरचं दूध,
आणि त्यात थोडं निळं.

चांगलं दूध निळं धरून ठेवतं,
माझं जेवण होईपर्यंत,
कधी तर मुलगा शाळेतून येईपर्यंत.
वाईट दूध सोडून देतं.
फोंड्याला दोन दिवस, जेवणासकट,
मला शिकवलं ते एवढंच.

धाकू झोरेंचं निळं
वीस मिनिटांत गेलं.
दुसऱ्या दिवशी अठरा. तिसऱ्या दिवशी
मी नळी उचलेपर्यंत पांढरी.

चौथ्या दिवशी त्यांचा कॅन परत केला.
मागे सुकांती, बाबुसो, पर्येची दोघं,
सगळ्यांना अचानक आपापल्या चपला बघायच्या होत्या.
धाकू म्हणाले,
"पाणी घातलंस म्हण. चोर म्हण.
पण म्हशीला घाणेरडी म्हणू नको, बाय."
आणि सहा लिटर दूध डोक्यावर घेऊन
डोंगर चढायला लागले,
उतरताना चालतात तसेच जपून,
थेंब सांडू नये म्हणून.

ते जपून चालणं
मला रात्रभर दिसत राहिलं.

रविवारी चार वाजता बॅटरी घेऊन वर गेले.
बोंडांचा आंबूस वास, एप्रिलचा घाम,
कुत्रं भुंकून भुंकून कंटाळलं.
मी दोष शोधायला बसले होते.
पारूआजीने कोपरापर्यंत साबण लावला,
काजूचा चीक नखांत राहतो म्हणून दोनदा.
कोमट पाण्याने कास धुतली,
उकळून वाळवलेल्या लुंगीच्या तुकड्याने पुसली.
पहिल्या धारा काळ्या ताटलीत:
गाठ नाही, धागा नाही.
म्हैस शेपटी हलवायचीही विसरली.
माझ्या पुस्तिकेतल्या चित्रातली बाई
इतकं नीट करत नाही.

मग कॅन आला. चकचकीत. राखेने घासलेला.
झाकण हातात घेतलं, उगाच,
काहीतरी घ्यायचं म्हणून.
कडेला रबराची रिंग.
केसातली पिन काढून ती उचकटली.

खाली एक पिवळी ओळ.
चिकट, जुनी,
किती सकाळींची कोण जाणे.
वास आला आणि पारूआजी
चुलीकडे तोंड करून बसली.

धाकूंनी रिंग बॅटरीच्या उजेडात धरली,
बराच वेळ.
मग म्हणाले, "म्हणजे म्हैस सुटली."

वाळपईला सतरा रुपयांत नवी रिंग मिळाली.
रोज ती काढायची, धुवायची, उन्हात ठेवायची.
आता आजी ती मनगटात घालून फिरते
वाळेपर्यंत, बांगड्यांच्या वर.
निळं पहिल्याच दिवशी
दीड वाजेपर्यंत टिकलं.
रजिस्टरात वेळ लिहिताना
मी आकडा जरा मोठा काढला.

धाकू मात्र आता लगेच जात नाहीत.
काट्याशी उभे राहून बघतात.
माझी नमुन्याची पळी
त्यांच्या कॅनमधून बाबुसोच्या,
बाबुसोच्यातून सुकांतीच्या,
पुढे पर्येच्या दोघांच्या.
काल हळूच विचारलं,
"बाय, ही मधे आंघोळ कुठे करते?"

सगळे हसले. मीही हसले.

गाडी गेल्यावर पळी उलटी करून बघितली.
दांडा जिथे वाटीला जोडलाय
तिथे एक बारीक फट आहे.
नऊ वर्षं ही पळी माझ्या हातात.
घरून आणलेलं उकळून निवलेलं दूध
तिनेच ढवळलं, नळीत भरलं,
निळं टाकलं.
नळीवर चिकटपट्टी लावली
आणि नाव काय लिहावं ते सुचेना.

बाहेर पोदेर भोंगा वाजवून गेला,
पाव घ्यायचे राहिले.
मी घड्याळ भिंतीवरून काढून
समोर टेबलावर ठेवलं
आणि मग
पालथं घातलं.