पालाश

मासाकाच्या केळबागेतून नास्सुना
मुळं नेते, बर्फात बुडवून,
दोन तास मांडीवर डबा.

पान करपायला महिना लागतो.
आधी म्हाताऱ्या पानाची कड पिवळी, मग तपकिरी,
जळक्या कागदासारखी.
जवळचा सगळा पालाश त्यानं
कोवळ्या सुरळीला देऊन टाकलेला असतो.

मुळाला मात्र सहा तासांत कळतं.
एरवी मुकं असणारं एक जनुक
पेशीच्या अंगाला दारं बसवू लागतं,
दारं, अजून दारं,
बाहेर कुणी येणारं नसताना.

पुढच्या खेपेला सेकाबेंबे विचारतो,
काय म्हणते माझी केळ?
ती म्हणते, दारं उघडून बसलीय.

म्हातारा कोयता पुसतो.
"बसेल नाहीतर काय.
दर शुक्रवारी घड कंपालाला जातात.
साली तिकडंच कुजतात,
बाजाराच्या मागं, बगळ्यांच्या पायांखाली.
माझी आई एक साल बांधाबाहेर जाऊ द्यायची नाही.
चुलीची राखसुद्धा."

जनुकाचं नाव नास्सुनानं वहीत
आकड्यांसकट लिहिलेलं आहे.
ती वही उलटी करते,
मागच्या कोऱ्या पानावर मांडते:
एका घडाची किती साल,
ट्रकमध्ये किती घड.

मग विचारते,
परत येताना तो ट्रक
रिकामाच असतो ना?